नाद आणि तडा

आमच्या सोलापुरात उन्हाळा लवकर येतो आणि उशिरा जातो. त्यामुळे माठ विकत घेणे हे इथल्या घराघरांतले एक वार्षिक कर्तव्यच होऊन बसले आहे. माझी आजी हे कर्तव्य मोठ्या गांभीर्याने पार पाडी. कुंभाराने मांडलेल्या रांगेतला एक माठ ती उचलायची, डाव्या तळहातावर पेलायची आणि उजव्या हाताच्या बोटाने त्याला टिचकी मारून कान देऊन ऐकायची. खणखणीत नाद आला तर माठ पसंत. बद्द वाजला तर पुन्हा रांगेत. मला दोन्ही माठ अगदी सारखे दिसत, आणि तसे मी एकदा बोलूनही दाखवले होते. “दिसायला सारखेच असतात रे,” आजी म्हणाली होती, “म्हणून तर वाजवून बघायचं.”

आजीच्या या वाक्याची आठवण मला मागच्या वर्षी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गॅरेजात झाली. तिथे माठ नव्हता. लाकडी फळीवर पालथी घातलेली एक मोटारीची गिअरबॉक्स होती, आणि एक वृद्ध मिस्त्री छोट्या हातोडीने तिच्या कवचावर ठिकठिकाणी टिचक्या मारीत कान देऊन ऐकत होते.

ही गिअरबॉक्स आमच्या आप्पांच्या गाडीची. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी वकिलीच्या शिलकीतून १९७६ साली एक जुनी ‘फियाट अकराशे डिलाइट’ घेतली. त्या काळी नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तेव्हा जुनी का होईना, पण दारात मोटार आली याचा आमच्या घराला केवढा अभिमान! ही गाडी बनवणारी ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. पण वालचंदांचा जन्म १८८२ साली इथलाच, सोलापूरचा. त्यामुळे आप्पा पाहुण्यांना हसत हसत सांगत, “गाडी इटलीच्या घराण्यातली असेल, पण आजोळ सोलापूरचं आहे!”

आप्पा गेल्यावर गाडी अंगणात उभी राहिली. धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याच्या मुलीच्या शिक्षणाची मोठी फी भरायची होती. गाडी विकून येणारे पैसे दोघांनी वाटून घ्यावेत असे ठरले. जुन्या गाड्यांचा नाद असलेला एक तरुण गृहस्थ गिऱ्हाईक म्हणून भेटलाही. त्याने फोनवर एकच प्रश्न विचारला, “सगळं ओरिजिनल आहे ना?” मी म्हटले, “अगदी! आमच्या वडिलांनी जिवापाड जपलेली गाडी आहे.” मात्र गाडी चालवून दाखवायची तर दुसरा गिअर चालता चालता सुटत होता, आणि सकाळी जमिनीवर तेलाचा डाग पडत होता. म्हणून ती मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी पेटी उतरवून उघडली आणि सांगितले, “सर, आतले दात गेलेत. हिला सुधारण्यापेक्षा दुसरी बसवलेली बरी. पद्मिनीची बसते हिला थोडा फेरफार करून. घराणं एकच की वो.”

म्हणजे गिअरबॉक्स बदलायची. आणि मग त्या तरुणाच्या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायचे? पेटी बदललेली गाडी ‘ओरिजिनल’ राहते का? ती आप्पांची गाडी तरी राहते का?

हा प्रश्न मोटारीइतका नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी मिलिंद नावाच्या यवन राजाला भिक्षू नागसेनाने नेमके हेच विचारले होते, असे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. राजा रथातून आला होता. नागसेन म्हणाला, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू, दांडी, चौकट, यांपैकी कशाला रथ म्हणायचे? राजाला कशालाच ‘होय’ म्हणता येईना. या सगळ्यांच्या जुळणीला व्यवहारात आपण ‘रथ’ हे नाव देतो, इतकेच त्याला कबूल करावे लागले. इकडे ग्रीकांतही अशीच एक कथा प्लुटार्कने सांगितली आहे. थीसियस या वीराचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले. कुजलेली फळी काढायची आणि नवी बसवायची, असे करता करता जहाज तेच राहिले की दुसरे झाले, यावर तत्त्वज्ञांत वाद माजला. पुढे सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज पंडिताने त्यात आणखी एक खुंटी मारून ठेवली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा केल्या आणि त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते?

हॉब्जला हा माणूस कल्पावा लागला. आपल्याला तो कुर्ल्याच्या भंगारबाजारात प्रत्यक्ष भेटतो. ज्या कुर्ल्यात या गाड्या जन्मल्या, त्याच कुर्ल्यात त्यांचे अवयव सुटे होऊन विकायला बसतात. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. पण तिच्या भाऊबंदांच्या पेट्या, दारे, दिवे आज कुठल्या कुठल्या गावांत दुसऱ्यांच्या अंगात राबत असतील. त्यांतली कोणती गाडी मेली आणि कोणती जिवंत आहे, हे सांगणे नागसेनालाही अवघडच जाईल.

सरकारने मात्र हा वाद आपल्यापुरता मिटवला आहे. गाडीच्या नोंदणीपुस्तकात चॅसिसचा क्रमांक असतो, इंजिनाचा असतो, गिअरबॉक्सचा नसतो. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने निराळे नियम केले. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, तिच्यात फार मोठी उलथापालथ केलेली नसावी, अशी त्यांत अट आहे. ‘मूळ स्वरूप’ हे शब्द वाचायला सोपे आहेत. पण सत्तर-ऐंशी वर्षे चाललेल्या यंत्रात झिजलेला दात बदलू नये असे कोण म्हणेल? झिजणारे भाग बदलले म्हणून तर ती इतकी वर्षे चालली. आपण माणसेही दात बसवतो, मोतीबिंदू काढून भिंग घालतो. म्हणून बायको आपल्याला परका समजत नाही. समजत असली तर त्याची कारणे निराळी असतात.

तेव्हा पेटी बदलण्याच्या प्रश्नावर माझे मन लवकर शांत झाले. बदलली, असे सांगितले की झाले. मी आप्पांची जुनी वही काढली. गाडीचे सगळे खर्च ते तीत लिहीत. पेट्रोल, पंक्चर, टायर, सारे. म्हटले, नव्या पेटीची नोंदही इथेच करावी. आणि पाने उलटताना १९८१ सालची एक नोंद दिसली: ‘गिअरबॉक्स बदलली. जुनी, उत्तम स्थितीतली. रु. ८५०.’

म्हणजे ज्या पेटीला मी ‘ओरिजिनल’ म्हणत होतो तीसुद्धा मूळची नव्हती! माझी फजिती झाली खरी. पण वाईट वाटले नाही, उलट गंमत वाटली. लहानपणापासून जिचा आवाज ऐकून ‘आप्पा आले’ म्हणून आम्ही फाटकाकडे धावायचो, ती पेटी कुणा दुसऱ्याच गाडीची होती. आणि तरीही तो आवाज आप्पांचाच होता.

इथपर्यंत सारे गोड होते. नंतर मिस्त्रींची हातोडी आली.

आतले दात निकामी असले तरी बाहेरचे कवच, म्हणजे हौसिंग, धड असेल तर त्याला किंमत येते. म्हणून विकण्यापूर्वी ते पारखायचे होते. जुन्या गाड्यांत हे कवच कधी बिडाचे असते, कधी ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचे. त्याला तडे जातात ते बहुधा ठरलेल्या जागी: बेअरिंगच्या भोकाभोवती, बोल्टच्या कानांपाशी, जिथे जाड धातू एकदम पातळ होतो त्या कोपऱ्यात. बोल्ट वेडेवाकडे आवळले, खालचे रबरी फाउंडेशन बसले आणि तसेच चालवले, किंवा पेटी उतरवताना तिचा सगळा भार एका शाफ्टवर लोंबू दिला, की आज ना उद्या चीर पडते. मिस्त्री टिचक्या मारीत होते. एका कानापाशी आवाज बद्द आला. आगगाडी स्थानकात थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाके वाजवीत जाणारा माणूस ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा प्रकार नवीन वाटणार नाही. नादावरून दोष आहे एवढे कळते; तो कुठे आहे हे कळायला दुसरी युक्ती लागते.

ती युक्ती मी पहिल्यांदाच पाहिली. मिस्त्रींनी कवच खरवडून स्वच्छ केले, रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसले आणि त्यावर खडूची पूड भुरभुरली. मग आम्ही चहा प्यायलो. कातळासारख्या दिसणाऱ्या त्या धातूवर, पांढऱ्या पुडीतून, हळूहळू एक ओली काळसर रेषा उमटू लागली. चिरेत शिरलेले रॉकेल बाहेर झिरपत होते आणि खडू ते टिपून घेत होता. रेल्वेच्या कारखान्यांतून पूर्वी याच रीतीने मोठमोठे लोखंडी भाग तपासत. केसाइतकी बारीक ती रेषा कानापासून निघून बोटभर आत गेली होती.

“तडा हाय सर. आत्ताचा न्हाई, जुना हाय,” मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी नखाने काहीतरी उकरले आणि माझ्यासमोर धरले. ती लांबी होती. पत्र्याचे खड्डे बुजवायला वापरतात ती. चिरेवर कुणीतरी सफाईने लांबी भरली होती, घासून सारखी केली होती आणि वर रुपेरी रंग दिला होता. आप्पांनी वहीत ‘उत्तम स्थितीतली’ असे लिहिले, ते विकणाऱ्याचेच शब्द असणार. पेटी ज्याने विकली त्याने हे केले की त्याच्या आधीच्याने, कोण जाणे. पण कुणीतरी केले होते, आणि जाणून केले होते.

मी तिथेच स्टुलावर बसलो. दर नवरात्रात आम्ही या गाडीतून तुळजापूरला जात होतो. पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता, शेवटी घाट. पुढे आप्पा आणि आई, मागे आम्ही भावंडे, पुढच्या काळात माझी मुले. घाट उतरताना आप्पा गाडी खालच्या गिअरमध्ये घालून तिचा वेग धरून ठेवीत. तो सगळा ताण त्या चिरलेल्या कानावर येत होता. कान तुटता तर पेटी झुकती, तेल वाहून जाते, आणि भर उतारावर इंजिनाचा तो आधार सुटून सारी मदार ब्रेकवर येती.

काही झाले नाही. हे खरे आहे.

रात्री भावाला फोनवर सगळे सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “दादा, आप्पांनी एवढी वर्षं चालवली ना? झालं का काही? आहे तेच हौसिंग ठेवू, आतले दात बदलू, लांबी परत भरू. निम्म्या खर्चात होईल आणि गाडी तशीच्या तशी राहील. सांगायचं कशाला?”

माझा भाऊ लबाड नाही. त्याच्या डोळ्यांपुढे मुलीची फी होती. आणि खरे सांगायचे तर त्याचे बोलणे ऐकताना माझ्याही मनाने मान हलवली होती. ‘काही झाले नाही’ या तीन शब्दांत फार मोठी शक्ती आहे.

त्या शक्तीची परीक्षा क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एका निबंधात घेतली आहे. एक जहाजमालक असतो. आपले जहाज जुने आहे, अनेकदा डागडुजी झालेले आहे, हे त्याला माहीत असते. मनात शंका येते. पण तपासणीला खर्च आहे. मग तो स्वतःची समजूत घालतो: आजवर इतक्या सफरी केल्या, इतकी वादळे पाहिली, ही सफरही होईल, देव आहेच. जहाज समुद्रात बुडते आणि मालक विम्याचे पैसे घेतो. तो दोषी आहे, यात शंका नाही. पण क्लिफर्ड पुढे विचारतो, समजा जहाज सुखरूप पोचले असते तर? तर दोष कणभरही कमी झाला नसता, असे तो म्हणतो. फक्त तो उघडकीला आला नसता.

पहिल्यांदा हे कठोर वाटते. ज्यातून कुणाचे नुकसान झाले नाही ते पाप कसले? पण त्या स्टुलावर बसून मी आमच्या तुळजापूरच्या फेऱ्या आठवल्या तेव्हा मला ते पटले. आमचे काही बिघडले नाही हे आमचे नशीब. त्याचे श्रेय लांबी भरणाऱ्याला कसे देता येईल? आणि आमचे काहीच गेले नाही, हे तरी खरे का? आप्पांना ती चीर ठाऊक असती तर कदाचित त्यांनी पेटी घेतलीच नसती. कदाचित स्वस्तात मागून घेतली असती, चिरेच्या टोकाला भोक पाडून ती पुढे सरकणार नाही अशी तजवीज केली असती, नीट तापवून वेल्डिंग करून घेतले असते. कदाचित तशीच वापरली असती. पण मग घाटात आम्हाला घेऊन गेले नसते. यांतले काय करायचे ते ठरवण्याचा हक्क त्यांचा होता. धोका पत्करायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. त्यांच्या हातून तो निर्णयच कुणीतरी काढून घेतला, आणि त्यांना ते मरेपर्यंत कळले नाही.

भावाचा दुसरा मुद्दा अधिक बारीक आहे. आपण खोटे कुठे बोलतोय? फक्त सांगत नाही. गिऱ्हाइकाने पाहून घ्यावे. बाजाराचा हा फार जुना न्याय आहे. आपल्या १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यातही काही अपवाद सोडले तर मुळाशी हेच तत्त्व आहे. रोमच्या सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली, अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात हाच वाद रंगवला आहे. घर विकणाऱ्याला त्यातले दोष ठाऊक आहेत, घेणाऱ्याला नाहीत, सांगावे का? एक पंडित म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. सिसेरोचा कौल असा की, जे कळल्याने दुसऱ्याचे हित आहे ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणे, याचेच नाव लपवणे. आपल्या पोराला जगात पाठवताना एका बापाने हे लिहून द्यावे, याचे मला विशेष वाटते.

आपल्या सोलापूरच्या कापडधंद्याला हा भेद कळायला सिसेरो लागला नाही. विणताना धागा तुटला तर विणकर गाठ मारतो आणि पुढे विणतो. त्यात लाज नाही. नगात दोष राहिला तर तो ‘सेकंड’ म्हणून वेगळा ठेवायचा, कमी भावात विकायचा. गरीब गिऱ्हाईक तो आनंदाने नेते, कारण काय घेतो आहोत हे त्याला माहीत असते. दोष असलेली वस्तू विकणे वाईट नाही. बदललेला भाग घालणेही वाईट नाही. सेकंडवर चांगल्या मालाचा शिक्का मारला, की तिथे व्यापार संपून दुसरे काहीतरी सुरू होते.

मी त्या तरुण गृहस्थाला फोन केला. पेटी एकदा १९८१ साली बदलली होती, आता पुन्हा बदलतो आहोत, आधीच्या पेटीला तडा होता, गाडी तशीच अनेक वर्षे चालली म्हणून बाकीची चौकटही तपासून घ्यावी, सगळे सांगितले. तो सौजन्याने “कळवतो” म्हणाला. त्याने कळवले नाही.

भाऊ रागावला. त्याचे रागावणे मी चूक म्हणत नाही. दुसऱ्याच्या पैशाने सत्यवादी होणे सोपे असते. म्हणून त्याच्या वाट्याचे जेवढे जमले तेवढे मी माझ्या शिलकीतून दिले. सगळे देणे मला जमले नाही, आणि ते देताना मन अगदी प्रसन्न होते असेही नाही. सत्याने मनाला हलके वाटते असे आपण मुलांना शिकवतो. मला त्या महिन्यात फक्त खिसा हलका वाटला.

कुर्ल्याहून दुसरी पेटी आली. मिस्त्रींनी ती वाजवली, रॉकेलमध्ये बुडवली, खडू भुरभुरला. आम्ही चहा प्यायलो. पूड पांढरीच राहिली.

जुने हौसिंग कोपऱ्यात पडले होते. भंगारवाला आला आणि म्हणाला, “अख्खं आहे तर चांगला भाव देतो, रंग मारला की जाईल.” मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी मोठा घण उचलला आणि तडा गेलेल्या कानावर घातला. दुसऱ्या घावाला तो निखळून पडला. मग त्यांनी उरलेल्या कवचाचे तीन तुकडे केले आणि भंगारवाल्याच्या तराजूत टाकले. “आता किलोनं घे,” ते म्हणाले.

किलोने जे आले त्यातून त्या दिवशीचा चहा आणि माझा रिक्षाचा परतीचा प्रवास झाला. घरी येऊन मी आप्पांची वही उघडली आणि त्यांच्या नोंदीखाली लिहिले: ‘गिअरबॉक्स बदलली. जुनी. वाजवून घेतली.’